चाखलेला घोट

आमच्या बूजाद गावच्या सरकारी दवाखान्यात मी बावीस वर्षं लोकांची साखर मोजतेय. बोटाला सुई टोचायची, यंत्रावरचा आकडा वाचायचा आणि मग ओरडायचं, हे माझं काम. ओरडायचा वेगळा पगार मिळत नाही, पण ते मी आवडीनं करते. सी हम्मादींवर मात्र ओरडायला मला काही सापडतच नव्हतं.

सी हम्मादी (आमच्याकडे मानाच्या पुरुषाला 'सी' म्हणतात, बाईला 'लल्ला') गाद्यांमध्ये लोकर भरायचे. वय सहासष्ट, हात अजून दणकट. पण गावात त्यांची खरी ओळख चहाची. गल्लीत लग्न असो, बारसं असो की मयत, चहाच्या तबकापाशी मांडी घालून बसणार ते सी हम्मादीच. पितळी हातोडीनं साखरेच्या ढेपेचा तुकडा उडवायचे, मूठभर पुदिना किटलीत कोंबायचे आणि हात उंच करून अशी धार सोडायचे की ग्लासात फेस यायचा. मग घोटभर चहा स्वतः घ्यायचे आणि डोळे मिटायचे. त्यांची मान हलली की चहा झाला. त्याआधी ग्लासाला हात लावायची कुणाची टाप नव्हती, मग तो नवरदेवाचा बाप का असेना.

गेल्या वर्षी चपलेनं त्यांच्या डाव्या पायाचं बोट सोललं आणि जखम भरेना. साखर मोजली तर तीनशेच्या वर! आमच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं, "दोन महिन्यांत साखर उतरली तर ठीक, नाहीतर बोट काढावं लागेल."

सी हम्मादी हसले खरे, पण माझ्यासमोर पट्टी बांधून घ्यायला बसले तेव्हा हळूच म्हणाले, "यामना पोरी, बोट गेलं तर तबकापाशी मांडी घालता येईल ना गं?"

"बोट जाणारच नाही," मी म्हटलं. "मी सांगते तसं खायचं, बस्स."

आणि त्यांनी खरंच खाल्लं! पांढरा पाव बंद, जवाची भाकरी तीही एकच. खजूर बंद. मसूर, चणे, भाज्या भरपूर. संध्याकाळी जेवण झालं की वेशीपर्यंत पायी. आणि चहा? "चहा मी सोडला," ते छातीवर हात ठेवून म्हणाले. "दुसऱ्यांना पाजतो. स्वतः ग्लास भरून घेत नाही."

महिना झाला. साखर दोनशे ऐंशी. जखम तशीच ओली.

मग माझं डोकं फिरलं. नवरा खरं बोलतोय म्हणजे बायकोच गुपचूप काहीतरी घालत असणार. मी त्यांच्या बायकोला, लल्ला तूदाला, भर रांगेत धरलं. "मधाची पोळी देतेस ना सकाळी? लाड कर, लाड कर! बोट कापून आणलं की त्याचेही लाड कर!"

तूदाचा चेहरा एवढासा झाला. "देवाशप्पथ नाही गं," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. सगळी रांग माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, बरी जिरवली.

दुसऱ्या दिवशी भाकरीचं वजन बघायला म्हणून मी त्यांच्या घरीच गेले. मी दारात पाय ठेवते न ठेवते तोच सी हम्मादींनी तबक ओढलं. पहिली धार, घोटभर चाखलं. "अंहं." हातोडी, तुकडा. परत धार, परत घोट. "पुदिना बोलत नाही अजून." परत तुकडा, परत घोट. चौथ्या घोटाला मान हलली आणि माझा ग्लास भरला.

मी त्या ग्लासाकडे बघतच राहिले. "सी हम्मादी, आज सकाळपासून कितव्यांदा चहा करताय?"

"फार नाही गं. पहाटे मशिदीपाशी, मग दुकानात, मग लोकरवाले आले होते... आता पाचवी किटली."

"म्हणजे पाच चोक वीस घोट! आणि म्हणे चहा सोडला!"

ते रागावलेच. "अगं, चाखणं म्हणजे काय पिणं झालं? करणाऱ्यानं चाखायलाच हवं. माझ्या बापानं, आज्यानं चाखलंय!"

"बरं," मी म्हटलं. "रमजानात दिवसा असा घोट घ्याल?"

"तोबा! रोजा मोडेल ना!"

"ज्या घोटानं रोजा मोडतो, तो घोट पोटात जातो की नाही?"

सी हम्मादींनी हातोडी तबकात ठेवून दिली. आतून तूदाच्या हसण्याचा आवाज आला. मी उठून आत गेले आणि तिचे हात धरून माफी मागितली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी, आणि तीही चारचौघांत. रात्रभर ती रडली असणार, डोळे सुजले होते. "माफीचं राहू दे," ती म्हणाली, "आता हे चाखणं कसं थांबवायचं ते सांग."

ते मला तरी कुठं माहीत होतं! चाखल्याशिवाय चहा केला तर गल्लीत नाक कापलं जाणार, आणि चाखला तर बोट.

चारच दिवसांनी शेजारी बारसं होतं. मी बायकांच्या खोलीच्या दारात मुद्दाम उभी राहिले, नजर ठेवायला. सी हम्मादींनी किटली भरली, धार सोडली, घोटभर चहा ग्लासात घेतला. ग्लास ओठांपर्यंत गेला आणि थांबला. तीस माणसं त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी ग्लास परत तबकात ठेवला.

"तूदा!" त्यांनी हाक मारली. "इकडे ये. चाख."

पुरुषांच्या बैठकीत कुणाची बायको चहा चाखायला आलेली आम्ही कधी पाहिली नव्हती. एक म्हातारा खाकरला. तूदा बायकांतून ओढणी सावरत आली, उभ्यानंच घोट घेतला आणि म्हणाली, "फार गोड झालाय."

"गोड? अजून दोन तुकडे टाकायचेत!"

"टाकायचे नाहीत. पाणी घाला आणि पुदिना."

सी हम्मादींनी कडू घोट गिळावा तसं तोंड केलं, पण पाणी घातलं. तिनं परत चाखलं आणि मान हलवली. चहा वाटला गेला. तो मघाचा म्हातारा पहिला ग्लास संपवून कुरकुरला, "साखर महागली वाटतं." आणि दुसऱ्यासाठी त्यानंच ग्लास आधी पुढं केला.

तेव्हापासून तूदा चाखते. साखर उतरत गेली. दोन महिने पुरे झाले त्या दिवशी मी पट्टी सोडली, तर जखमेवर कोवळी, गुलाबी, कोरडी कातडी. डॉक्टर बोट दाबून बघून म्हणाले, "राहील." मी आनंदानं सी हम्मादींच्या गुडघ्यावर अशी थाप मारली की ते ओरडले.

चप्पल घालता घालता त्यांनी बायकोला विचारलं, "चाळीस वर्षं तुला माझा चहा गोड लागत होता, तर बोलली का नाहीस कधी?"

"तुम्ही डोळे मिटून मान हलवायचात ना, तेव्हा सगळी खोली तुमच्याकडे बघायची," तूदा म्हणाली. "मीही दाराआडून बघायचे. साखरेचं कसलं घेऊन बसलात?"

सी हम्मादींनी दुसरी चप्पल पायात सरकवली. मग म्हणाले, "आता सगळी खोली तुझ्याकडे बघते."

"बघू दे," ती म्हणाली आणि त्यांना उठायला हात दिला. "तुम्हीपण बघा."