खोकल्यावर मिक्सर

पद्माकररावांना खोकल्याची उबळ आली की विद्याताई मिक्सर लावायच्या. लॉकडाऊनला तीन आठवडे होईपर्यंत येलहंक्याच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दाण्याचं कूट दोन डबे भरून झालं होतं, सुक्या खोबऱ्याची चटणी झाली होती, मेतकूट झालं होतं आणि आता तांदळाची पिठी चालली होती. खाणारी माणसं दोन.

खोकला काही नवा नव्हता. पद्माकररावांनी सरकारी विमान कारखान्यात पस्तीस वर्षं इंजिनिअरकी केली, आणि त्या पस्तीसही वर्षांत रस्त्याकडेची झाडं फुलली की त्यांचा घसा धरायचा, तो पार मे महिन्यापर्यंत. घरात त्याला कुणी आजार म्हणतच नसे. "फुलं आली वाटतं," एवढंच म्हणायचे.

पण यंदा चौथ्या मजल्यावरचा रविकिरण परदेशातून आला, हातावर क्वारंटाइनचा शिक्का घेऊन. दारावर कागद चिकटला. त्याच्या वडिलांना खोकला सुरू झाला, कुणीतरी फोन केला आणि खाली ॲम्ब्युलन्स येऊन उभी राहिली. पांढऱ्या सूटमधली दोन माणसं म्हाताऱ्याला घेऊन गेली. सोबत कुणालाच येऊ दिलं नाही. एक कापडी पिशवी पोटाशी धरून ते जिना उतरले, तेव्हा सगळी इमारत खिडक्यांना लागली होती. विद्याताईसुद्धा. गाडीत चढताना म्हाताऱ्यानं वर पाहिलं आणि विद्याताईंनी पटकन पडदा ओढला. आठ दिवस झाले, ते परत आले नव्हते. फोन कुणी केला, याचीच चर्चा इमारतीच्या ग्रुपवर चालली होती. ते कसे आहेत, हे विचारायची मात्र कुणाची छाती होत नव्हती.

त्या दिवसापासून विद्याताईंचा मिक्सर सुरू झाला. पद्माकररावांना इन्सुलिन त्याच टोचायच्या. उशाशी ठेवलेला चष्मा त्यांना त्याच शोधून द्यायच्या. असल्या माणसाला एकट्याला नेलं तर कोण बघणार?

"अगं, फुलांचा खोकला आहे हा," पद्माकरराव उशीत तोंड खुपसून म्हणायचे.

"ते मला ठाऊक आहे हो. सूटवाल्यांना कोण समजावणार? दाबा तोंड."

पण ठाऊक कुठं होतं? दिवसातून चार वेळा त्या थर्मामीटर लावायच्या. ते दुपारी झोपले की नाकापाशी हात धरून श्वास बघायच्या. सोसायटीनं दाराखालून सरकवलेलं पत्रक त्यांनी फ्रिजला चुंबकानं लावून ठेवलं होतं: शेजारीपाजारी खोकला, ताप आढळल्यास या नंबरवर कळवा. त्या नंबरची इतकी भीती, की तो पाठच झाला होता.

शेजारी म्हणजे रक्षिता. तिच्या आणि विद्याताईंच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या मधल्या डक्टवर समोरासमोर. एरवी हात लांब केला की इकडचा कढीपत्ता तिकडे, तिकडची चटणी इकडे. आता ती सासूला घेऊन घरात बसलेली, आणि सकाळपासून कन्नड मालिका अशा मोठ्यांदा लावायची की विद्याताईंचं डोकं उठायचं. कान फुटलेत की काय हिचे, असं त्या रोज पुटपुटायच्या.

एका सकाळी अकराच्या सुमारास पद्माकररावांना उबळ आली. विद्याताईंनी मिक्सर लावला, आणि अर्ध्या मिनिटात करंट गेला.

मिक्सर गप्प. समोरचा टीव्ही गप्प. खोलीतला खोकला तेवढा चालू राहिला. खिडकी लावायला विद्याताई धावल्या, पण हात कडीवरच थांबला. समोरूनही कुणीतरी खोकत होतं. रक्षिताची सासू. ओला, छातीतून येणारा खोकला, थांबेचना.

इतके दिवस हाच डक्ट, हीच हवा. हे फुलांचं नाहीच. म्हातारीपासून यांना लागलं असेल. आत्ताच्या आत्ता कळवलं पाहिजे. पुढे काय झालं ते त्यांनाही नीट आठवत नाही. भानावर आल्या तेव्हा फोन हातात होता आणि नंबरचे पाच आकडे दाबून झाले होते.

मान वर केली तर समोरच्या खिडकीत रक्षिता उभी. चेहरा पांढराफटक. तिच्याही हातात फोन होता, आणि तिचाही अंगठा आकड्यांवर.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. विद्याताईंना शरम वाटली.

"अक्का," रक्षिताच कन्नडमधून म्हणाली, "करंट स्वल्प वेळात येईल."

"येईल गं," विद्याताईही कन्नडमध्येच म्हणाल्या. "सासूबाईंना गरम पाणी दे."

"सरी अक्का, देते. तुम्ही पण अण्णांना द्या."

पण पाणी द्यायला दोघींपैकी एकही हलली नाही. पाठ वळली तर समोरची काय करेल, याचा भरवसा नव्हता. दोन्ही घरांतली माणसं खोकत राहिली आणि दोघी एकमेकींच्या हातांकडे बघत उभ्या राहिल्या.

वीस मिनिटांनी करंट आला. चालूच राहिलेला मिक्सर एकदम गरजला, समोर मालिकेतली बाई किंचाळली, आणि दोघी दचकल्या. विद्याताईंनी दाबलेले आकडे एकेक करून पुसले. मग फोन खिडकीच्या कट्ट्यावर, रक्षिताला दिसेल असा ठेवला. रक्षितानंही तिचा ठेवला.

त्यानंतर कितीतरी दिवस ते दोन फोन तिथंच असायचे, आणि एखादा जागेवर दिसला नाही की समोरच्या घरात कुणाला घास गिळवत नसे.