न लिहिलेली बेरीज

माझा थोरला भाऊ शिंपी, मीही शिंपी. दुकान एकच, डोकी मात्र दोन. त्याची मुलगी सापेक्षतेच्या गणितात संशोधन करायला गेली आणि चार वर्षांनी ते अर्धवट टाकून घरी आली. आली ती खोलीतच बसली. 'हो-नाही'च्या पुढे बोलणं नाही. तिच्या हुशारीबद्दल कुणाला शंकाच नव्हती. मन उडालं असेल, असं आम्ही धरून चाललो. दादानं ठरवलं, आपण ते गणित शिकायचं, म्हणजे पोरीशी बोलता येईल. अठ्ठावन्नाव्या वर्षी! मी म्हटलं, "डोकं फिरलंय तुझं." दोन दिवस त्यानं माझ्याशी अबोला धरला.

सुरुवातीला त्याला वाटलं, जमेल. पुस्तकात आधी वाकलेल्या पृष्ठभागांचीच गोष्ट होती, आणि सपाट कापड खांद्याच्या गोलाईवर बसत नाही, चिमटे काढून टक्स घालावे लागतात, एवढं आम्हाला पाठच होतं. पण पुस्तकात चिन्हांना वर-खाली चिकटलेले आकडे आणि अक्षरं सुरू झाली आणि गडी गांगरला. मग त्यानं दुकानातली पद्धत काढली. माप एकानं सांगायचं, दुसऱ्यानं लिहायचं. वहिनी पुस्तक धरून सांगायची, "गॅमा, वर एक, खाली दोन-दोन." दादा लिहून घ्यायचा आणि सवयीनं विचारायचा, "ढिलं की फिट?"

सात महिने झाले, तरी एक उत्तर जुळेना. एका दुपारी मुलगी पाणी प्यायला आली आणि वहीपाशी थबकली.

"बाबा, तेच अक्षर वर आणि खाली आलं की तिथं बेरीज असते. अधिकचं चिन्ह लिहीत नाहीत."

सात महिने पाण्यात! मला असा संताप आला! बेरीज करायचीय तर सरळ लिहायला काय धाड भरली होती? दादा मात्र खुलला. पोरगी चक्क दोन वाक्यं बोलली होती. त्यानं तिला शेजारी बसवलं, पुढचं गणित दाखवलं. ती भराभर लिहीत गेली. एक पान झालं, दुसरं झालं. वहिनीनं डोळे पुसले. मलाही वाटलं, सुटलो बुवा एकदाचे.

तिसऱ्या पानावर तिचा हात थांबला.

"पुढं?" दादानं विचारलं.

"पुढं मला येत नाही, बाबा. विद्यापीठातही इथंच अडले होते. सर समजावून समजावून दमले. माझं मन वगैरे काही उडालं नाही. मला येतच नाही."

दादानं वही उलटून तिनं लिहिलेलं पहिलं पान काढलं. "मला तर पहिलं पानसुद्धा कळलं नाही गं," तो म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली. तिला जवळ घेण्यापलीकडे दादाला काही सुचेना, आणि वहिनीला न् मला तर तेवढंही सुचलं नाही.