हाव म्हणायची सवय

लातूरला मुलींच्या होस्टेलच्या मेसमध्ये मी चपात्या लाटते. गाव देगलूरच्या पलीकडं, शाळा सातवीतच सुटलेली. बाहेरून दहावीचा फॉर्म भरला तो नांदेडच्या एका मुलीच्या भरवशावर. ती डॉक्टरकीच्या क्लाससाठी इथं राहते. इंग्रजीत माझी दांडी उडणार हे तिला कळलं होतं, म्हणून संध्याकाळी चहाचा कप घेऊन ती ओट्याशी स्टूल ओढायची आणि ‘इफ’ची वाक्यं ‘अनलेस’ घालून फिरवायला शिकवायची.

“समजलं का मावशी?”

“हाव.”

समजलेलं काहीच नसायचं. पण आमच्याकडं कुणी आपला वेळ मोडून काही सांगत असेल, तर त्याला पुन्हा सांग म्हणत नाहीत. मान डोलवायची, हाव म्हणायचं. मग मी तिची वाक्यं जशीच्या तशी पाठ करायची. वाक्यात दूध आलं की दुधाचं उत्तर, पाऊस आला की पावसाचं. तिनं विचारलं की धडाधड म्हणून दाखवायची. ती खूश. जेवताना मैत्रिणींना सांगायची, “आमच्या मावशी पास होणार बघा!” आत पीठ मळता मळता मला घाम फुटायचा.

गेल्या रविवारी ऐन जेवणाच्या वेळी तिचे वडील भेटायला आले. तिनं कौतुकानं मला बाहेर ओढून आणलं. “पप्पा, विचारा काही पण.”

ते हसत म्हणाले, “सांगा ताई. इफ द बस डज नॉट कम, वुई विल वॉक. आता अनलेस घालून.”

मला बस तेवढी ऐकू आली. बसचं पाठ होतं ते म्हणून टाकलं, “अनलेस यू रन, यू विल मिस द बस.”

पोरी फिसकन हसल्या. वडील तिच्याकडं वळले. “यात जातो होय तुझा वेळ? टेस्टचे मार्क उगाच नाही घसरले.”

ती ताटाकडं बघत राहिली. साहेब, पोरीनं बरोबर शिकवलंय, एवढंच मला म्हणायचं होतं. पण पदराला हात पुसत मी आत आले.

पेपर तोंडावर आलेला, आणि वाटलं, आता ही काही यायची नाही. पण संध्याकाळी स्टूल ओढल्याचा आवाज आला. डोळे सुजलेले होते तिचे. नवं वाक्य सांगून तिनं विचारलं, “समजलं?”

हाव ओठावर आलंच होतं.

“न्हाई,” मी म्हणाले.

“कुठून न्हाई?”

“पहिल्यापासून, माय.”

“मग इतके दिवस आपण काय करून राहिलो, मावशी?”

“तू शिकवून राहिलीस, मी ऐकून राहिले.”

हसेल वाटलं, हसली नाही. कपाच्या कडेवरून बोट फिरवत बसली. मग “परत सांगते,” म्हणाली आणि घड्याळाकडं बघितलं. त्या बघण्यानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी लाटणं बाजूला ठेवलं, आणि जिथं अडलं तिथं तिला थांबवलं.