चालू कॉम्प्युटरवरचं कव्हर

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. राहुरीत माझं तासावर पैसे घेऊन कॉम्प्युटर गेम खेळू द्यायचं दुकान होतं. माझ्याच हाताखाली शिकलेल्या तरुणाने समोर दुकान थाटलं, नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि माझी गिऱ्हाइकं ओढली. वर सगळ्यांदेखत म्हणाला, "काका, तुमच्या डब्यावर आता पत्तेच खेळा." ते मी डोक्यात ठेवलं.

मार्चात त्याचं कार्ड तापून गेम मधेच बंद पडू लागले. तो माझ्याकडेच आला. "काका, लई तापतंय. झाकण काढून पंखा लावू का?"

उपाय बरोबर होता. मी म्हणालो, "साखर कारखान्याचं गाळप चालू आहे, काजळी आत जाईल. झाकण काढू नकोस, वरून कव्हरही घाल." कव्हर आम्ही सगळेच घालायचो, पण कॉम्प्युटर बंद केल्यावर. त्याने माझ्या शब्दावर चालू कॉम्प्युटर झाकला. कार्ड जळालं. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. दुसरं कार्ड त्याला परवडलं नाही, दुकान बंद पडलं.

पुढे राहात्याला त्याच्या लग्नात त्याने मला नवरीपुढे नेलं. "हे माझे गुरू." तुझं कार्ड मी जाळलं, मला माफ कर, एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "जिलेबी छान झालीय."