मारोतरावाचा घोट

मंगरूळपीरच्या वेशीबाहेर मारोतराव माळ्याचा मळा होता. वांगी, मेथी, लसूण, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. बाजाराच्या दिवशी त्याची टोपली सगळ्यांच्या आधी रिकामी व्हायची, आणि त्यात वांग्यांपेक्षा त्याच्या गळ्याची करामत जास्त, असं त्याची बायको तुळसाबाई म्हणायची. त्यानं आरोळी ठोकली की दर्ग्याकडे चाललेली माणसंही मान वळवून पाहत. असा गळा देवानं दिला आणि पुढं देवानंच तो आवळायला घेतला. देवाचा हा कारभार तुळसाबाईला कधीच पटला नाही.

आधी एक डोळा अंधुक झाला. महिन्याभरानं आपोआप निवळला, तेव्हा भगतानं त्याचं श्रेय घेतलं. पुढल्या उन्हाळ्यात डावा पाय बधिर झाला, तोही अर्धामुर्धा परत आला. हा आजार पाहुण्यासारखा यायचा, राहायचा, आणि जाताना घरातलं काहीतरी उचलून न्यायचा. ताईत झाले, अंगारे झाले. अकोल्याच्या डॉक्टरनं गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, नसांचं दुखणं आहे म्हणाला, आणि औषध नाही म्हणाला. निदान खरं तरी बोलला. मग मारोतरावाचा आवाज घोगरा झाला, आणि एके दिवशी साधं पाणी पिताना त्याला असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले.

आजारी माणसाला काय खाऊ घालावं हे सांगायला गावात तोंडांची कमी नसते. "पातळ दे वो बाई, सरकन उतरते," असं जो तो सांगून जाई. तुळसाबाईनं वरण पातळ केलं, मग वरणाचं पाणी केलं, भाकरी दुधात पार विरघळवली. जितकं पातळ, तितका ठसका. पाणी तर वैरीच झालं. माळ्याच्या घरची रीत अशी की तांब्याला ओठ लावायचे नाहीत. लावले की तांब्या उष्टा. मान मागं टाकायची आणि वरून धार सोडायची. ती धार मारोतरावाच्या घशात भलत्याच वाटेनं शिरायची. तुळसाबाई त्याची पाठ चोळायची, रडायची, आणि दुसऱ्या दिवशी आणखी पातळ रांधायची. मायेनं माणूस मारायचा तो असा. पण तिला तरी वेगळं कोण सांगणार होतं?

एका बाजाराच्या दिवशी ती ज्वारीची आंबील करून ठेवून गेली आणि परतायला उशीर झाला. तोवर आंबील निवून पिठल्यासारखी घट्ट झाली होती. मारोतरावाचे हात थरथरत, वाटी उचलवेना. भूक अनावर झाली, तेव्हा त्यानं वाटी पाटावर ठेवली, मान खाली घातली आणि तोंड लावून ओढली. तुळसाबाई आली तेव्हा वाटी रिकामी होती. ती जमिनीवर सांडलेलं शोधू लागली.

"सांडली नाही," तो म्हणाला. "खाल्ली."

"ठसका?"

"नाही आला."

ती डोक्यावरची टोपली उतरवायचंही विसरून त्याच्यासमोर बसली.

मग तिनं घराचं शास्त्रच बदललं. घट्ट करायचं, थोडं थोडं द्यायचं, मान खाली ठेवायची, तोंड लावून प्यायचं, आणि खाताना बोलायचं नाही. सालभरात मारोतरावाच्या गालांवर मांस आलं. पण तो जेवायचा गोठ्यामागं, भिंतीकडे तोंड करून. "ढोरावानी पितो मी," तो म्हणे. "कोनी पाह्यलं तं?"

अशात त्यांच्या पंचफुलाचं लग्न आसेगावच्या रंगरावाच्या मुलाशी ठरलं. रंगराव बडं प्रस्थ, रीतीभातीचा कडक. पंगतीत शेजाऱ्याचा भात आपल्या पानाला लागला तरी उठून जाणारा, अशी त्याची ख्याती. आणि रीत अशी की लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही व्याह्यांनी शेजारी बसून जेवायचं. मुलीचा बाप बसला नाही, तर तो मुलाकडच्यांचा अपमान.

"माह्या जागी शालिकरामले बसव," मारोतराव म्हणाला. शालिकराम त्याचा धाकटा भाऊ.

"शालिकराम काय पोरीचा बाप हाये?"

"अवं, ठसका लागला अन् इवायाच्या पानात उडालं, तं पोरीले जलमभर आयकाव लागन."

"अन् बाप जेवालेच बसला नाही, हे नाही का आयकाव लागनार?"

दोन्हीकडून फास मुलीच्याच गळ्याला होता.

लग्नाचा दुसरा दिवस उजाडला. वैशाखाचं ऊन. उन्हानं मारोतरावाची होती ती ताकदही वितळायची, म्हणून तुळसाबाईनं सकाळपासून त्याच्या मानेवर ओलं फडकं ठेवलं. त्याच्या तांब्यात पाण्याऐवजी घट्ट आंबील भरली आणि त्याला पाटावर बसवून दाराआड उभी राहिली. त्यानं पोळी वरणात कुस्करली, मान खाली घालून एक घास घेतला, दुसरा घेतला. तुळसाबाई प्रत्येक घासाबरोबर स्वतःचा आवंढा गिळत होती. सगळं पार पडलं असतं, पण रंगरावानं रीतीप्रमाणे व्याह्याला घास भरवला. कोरड्या बुंदीचा.

मारोतरावाचा चेहरा काळानिळा पडला. मग ठसका लागला, आणि बुंदीचे दाणे रंगरावाच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर उडाले. रंगरावानं आपला पाण्याचा तांब्या उचलला आणि मारोतरावाची हनुवटी वर केली.

"नोका," म्हणत तुळसाबाई दाराआडून धावली. पुरुषांच्या पंगतीत, डोक्यावरचा पदर घसरलेला. "वरून पानी नोका देऊ. जीव जाईन त्याइचा."

तिनं त्याची मान खाली केली, खोकला सरेपर्यंत धरून ठेवली. मग आंबिलीचा तांब्या त्याच्या ओठांना लावला. सगळ्या सोयऱ्यांदेखत मारोतराव तोंड लावून प्याला. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि ते सगळंच काही ठसक्याचं नव्हतं.

"काय हाये त्याच्यात?" रंगरावानं विचारलं.

"आंबील."

"पानी काहून नाही?"

आता लपवून काय उपयोग? तुळसाबाईनं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. डोळा, पाय, घसा, गोठ्यामागचं जेवण, सगळं. रंगराव ऐकत राहिला. धोतरावरचे दाणे त्यानं एकेक करून वेचले आणि पानाच्या कडेला ठेवले. मग त्यानं हात पुढं केला आणि तिच्या हातातला तांब्या घेतला. तोच, उष्टा. पंगतीला वाटलं, आत वाकून बघेल. रंगरावानं मान खाली घातली, तांब्याला ओठ लावले आणि चांगला मोठा घोट घेतला.

"मीठ कमी हाये, ईनबाई," तो म्हणाला आणि तांब्या दोन पानांच्या मधोमध ठेवला. "जेवा इवाई, सावकाश जेवा. तुमचं झाल्याबिगर पानावरून कोनी उठत नाही."

तुळसाबाई मीठ आणायला आत गेली आणि चुलीपाशी बसून पोटभर रडली. मीठ शेवटी पंचफुलानंच नेऊन दिलं.