मार्थाआत्याच्या पायऱ्यांवर

आमच्या चर्चच्या महिला संघात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. दर शुक्रवारी एकेकीच्या घरी प्रार्थनासभा, मग चहा, आणि चहाबरोबर मागच्या सभेची उजळणी. त्यातले निम्मे किस्से एकट्या मार्थाआत्याचे. आत्या मूळची अचलपूरची, आता अमरावतीत चर्चजवळ एकटीच राहते. तिच्या जिभेला हाड नाही. पण ती आमची आहे, म्हणून सांगते.

*

दुसऱ्याच्या प्रार्थनेतल्या चुका आत्या मध्येच काढते. एकदा मी डोळे मिटून, अगदी गहिवरून, पुतण्याच्या नोकरीसाठी मागत होते. शेजारून आवाज आला, "प्रभूले समजलं ते. पुढं चाल, पोहे थंडे होऊन राहिले."

सगळ्याजणी घाईघाईनं आमेन म्हणाल्या. पुढे पुतण्याला नोकरी लागली, तेव्हा आत्या म्हणते, "मी टायमावर थांबवलं म्हणून लागली."

*

संडे स्कूलमध्ये आत्यानं उभी हयात घालवली. पाठांतर चुकलं की कान पिरगाळायची. शेवटी पालकांनी तक्रार केली आणि पाळकसाहेबांनी तिचा वर्ग विमलताईकडे दिला. विमलताई म्हणजे आमच्यातली सगळ्यात मवाळ बाई. आत्यानं त्या दिवसापासून चर्च सोडलं. विमलताई समजूत घालायला गेली, तर तिच्या तोंडावर दार लावलं. "संघातल्या एकीलेही घरात घेणार नाही मी."

इथं थट्टा थोडी बाजूला ठेवते. आत्याला शुगर, एका डोळ्यानं दिसत नाही, मूलबाळ नाही. आम्ही जाणं सोडलं असतं, तर त्या घराला हाक मारणारं कुणी उरलं नसतं. आम्हाला भीती त्याची होती.

विमलताईच म्हणाली, "घरात घेणार नाही म्हणते. पायऱ्यांचं कुठं काई बोलली?"

तेव्हापासून शुक्रवारची सभा आत्याच्या पायऱ्यांवर भरू लागली.

*

पहिल्या शुक्रवारी आम्ही अंग चोरून पायऱ्यांवर बसलो. कसंबसं गीत उरकलं. दार बंदच. मग आतून आवाज आला, "तिसरं कडवं खाल्लं तुमी."

आम्ही मुकाट्यानं तिसरं कडवं म्हटलं.

*

एकदा वलगावहून भाजी विकायला येणारे म्हातारेबुवा तिथून चालले होते. डोक्यावर पदर घेऊन पायऱ्यांवर बसलेल्या बायका पाहून ते थांबले. चपला काढल्या, हात जोडले आणि हलक्या आवाजात विचारलं, "कवा गेल्या?"

आतून उत्तर आलं, "अजून नाही गेली. तुमी जा."

*

आत्याची धाकटी बहीण अकोल्याला असते. तिनं मध्ये पडावं म्हणून मी आणि विमलताई एसटीनं गेलो. बहिणीनं पोटभर जेवू घातलं आणि हात झटकले. "मी सख्खी असून तिच्या दारात जात नाही. तुमी काहून जाता?"

विमलताई पदराला हात पुसत म्हणाली, "तुमी सख्ख्या, तुमाले सूट आहे. आमाले तं प्रभूचा हुकूम आहे."

परतीच्या गाडीत मी तिच्याकडे पाहतच राहिले. या संघात आपण आहोत याचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

*

मग यंदाचा उन्हाळा आला. एका शुक्रवारी विमलताई तापानं फणफणली होती, त्यामुळे आली नाही. प्रार्थना अर्ध्यावर आली, तोच आतून आत्या म्हणाली, "विमलचा आवाज नाही येऊन राहिला."

"ताप आहे आत्या तिले. अन्न जात नाही."

मी प्रार्थना पुढे नेली. थोड्या वेळानं भांडी वाजली, मग कुकरची शिट्टी झाली. आम्ही एकमेकींकडे बघत बसून राहिलो.

शेवटी कडी निघाली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात डबा घेऊन आत्या दारात उभी. आता आत बोलावणार म्हणून आम्ही सगळ्या उठलो. तिनं आम्हाला बाजूला सारलं आणि दाराला कुलूप घातलं.

"ऑटो बोलवा. विमलकडे जायचं आहे."

विमलताईच्या घरी ती थेट पलंगाशी गेली. तिला पाहून विमलताई धडपडत उठू लागली, डोळ्यांत पाणी आलं. आत्यानं खांदा धरून तिला परत उशीला टेकवलं आणि डबा उघडला.

"रडू नको. माहा राग काई गेला नाही. खिचडी गरम आहे तोवर खाऊन घे."