एक की एकच?

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर कुणीच नाही. मागे हिरवा फळा आहे, ओल्या फडक्यानं नुकताच पुसलेला, अजून पुरता वाळलेला नाही. समोर खुर्च्यांच्या रांगा. डाव्या अंगाला पांढरं कापड घातलेलं टेबल, त्यावर शाल, श्रीफळ, गुच्छ. टेबलाखाली समोशांची खोकी, आणि त्यांचा वास साऱ्या सभागृहात. दारावर लातूरच्या गंजगोलाई बाजारातून छापून आणलेला फ्लेक्स: ‘डॉ. शिवगंगा बिराजदार यांचे हार्दिक अभिनंदन’. नायिकेची एंट्री अजून व्हायची आहे. नाटकाचा शेवट मात्र आधीच दारावर टांगलेला.

नांदेडच्या विद्यापीठातल्या गणित विभागात पीएच.डी.ची खुली मौखिकी अशीच असते. प्रबंध तपासून झालेला असतो, अहवाल आलेले असतात. उरतो तो तासाभराचा प्रयोग. विद्यार्थ्यानं बोलायचं, बाहेरच्या परीक्षकांनी दोन-चार प्रश्न विचारायचे, मग टाळ्या, शाल आणि समोसा. या सभागृहात कुणी नापास झाल्याचं विभागाच्या शिपायालासुद्धा आठवत नव्हतं.

शिवगंगा विंगेत, म्हणजे बाहेरच्या व्हरांड्यात उभी होती. अंगावर नवी इरकल साडी.

तिच्याबरोबर संशोधन करणारा धम्मदीप प्रोजेक्टरची वायर गुंडाळत बाहेर आला. “मॅडम, टेन्शन कायला घेऊन राहिलात? परीक्षकांनी उपमा दोनदा मागून खाल्ला. माणूस खूश हाय.”

“धम्मदीप, समोसे परत करता येतात का रे?”

“गरम समोसा अन् परत? तुमचं डोकं फिरलं का?” तो हसला. ती हसली नाही. तेव्हा तोही थांबला. “मॅडम, काय झालं?”

“काही न्हाई. तू आत जा.”

झालं होतं ते आदल्या दिवशी सकाळी, लातूरच्या घरी.

शिवगंगा मूळची उदगीरची. वडील चंद्रप्पांचं तिथं पेंड-सरकीचं दुकान. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. लग्न करून लातूरला आली, तर नवरा रेवणसिद्ध म्हणाला, “शिकायचं तेवढं शीक, मला फक्त वर्गात बसवू नको.” तो कापडाच्या दुकानात बसायचा, ती कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. तास घेतला तर नोकरी आहे, सुट्टी लागली की नाही, अशी ती नोकरी. पहाटे ती एका क्लासमध्ये प्रवेशपरीक्षेच्या पोरांना गणित सांगायची. लातूर म्हणजे चार पर्यायांचं गाव. चारांतला एकच बरोबर, बाकीचे खोडा. वर्षानुवर्षं हे सांगून ‘एकच’ हा शब्द तिच्या जिभेवर पानाच्या रंगासारखा चढला होता.

आता त्याच कॉलेजात कायमची जागा निघाली होती. मुलाखत गुरुवारी. पीएच.डी. हातात असेल त्यालाच आत बोलावणार होते. अशी जागा पुन्हा कधी निघेल, हे लातुरात कुणी सांगू शकत नव्हतं. म्हणून मौखिकी धावपळ करून सोमवारी लावली होती.

आणि रविवारी सकाळी सासूबाई अंगणातून ओरडल्या, “राखून ठेवलेला ड्रम रिकामा कसा? कोण सांडलं पाणी?”

नळाला पाणी येऊन बरेच दिवस झाले होते. ड्रमच्या तोटीतून बारीक धार गळत राहिली होती, कुणाच्या लक्षात आली नव्हती. “कधी संपलं?” सासूबाईंनी विचारलं. मुलगी अक्षरा म्हणाली, रात्री. रेवणसिद्ध म्हणाला, परवाच संपलं असेल. शिवगंगा झाकण हातात धरून आत बघत होती. वीतभर पाणी उरलं असतं, तर तिनं उंची मोजून मागचा सगळा हिशेब सांगितला असता, कुठल्या वेळी किती पाणी होतं ते. पण रिकाम्या ड्रमला काय विचारणार? तो काल रिकामा झाला असेल, परवा झाला असेल, आठवड्यापूर्वीही झाला असेल. दिसायला सगळं सारखंच.

झाकण तिच्या हातातून खाली पडलं.

तिच्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातलं प्रमेय नेमकं याच्या उलट सांगत होतं. बदलत जाणाऱ्या गोष्टींची समीकरणं असतात. पाणी उतरतं, ताप उतरतो. प्रमेय म्हणत होतं, शेवट ठाऊक असेल तर तिथवर आलेली वाट एकच असते. गणितात ‘एक वाट आहे’ हे सिद्ध करणं एक काम आणि ‘एकच वाट आहे’ हे सिद्ध करणं दुसरं काम. मराठीत या दोन कामांत फक्त एका ‘च’चं अंतर. तो ‘च’ खोटा होता. आणि पुढच्या दोन्ही प्रकरणांचा डोलारा त्याच ‘च’वर उभा होता.

तो ‘च’ तिचाही नव्हता. तो तिच्या मार्गदर्शकांचा होता, डॉ. उद्धव कंधारकर सरांचा. त्यांच्या तरुणपणच्या निबंधातून तो तिच्या प्रबंधात आला होता.

उद्धव सर म्हणजे विभागाचा जुना नट. या महिनाअखेरीस निवृत्त व्हायचे. आवाज असा, की शेवटच्या बाकावरचं झोपलेलं पोर दचकून उठावं. एम.एस्सी.च्या पहिल्याच तासाला ते फळ्यावर भलंमोठं शून्य काढायचे आणि गर्जायचे, “भागण्याआधी खाली वाकून बघा! खाली हा बसलेला असला, तर तुमचं सगळं गणित गिळून टाकतो!” आणि कुणी ती चूक केली, की त्याला वर्गाबाहेर उभं करायचे, आणि तास संपल्यावर स्वतःच्या डब्यातली पोळी खायला घालायचे. शिवगंगानं ती पोळी दोनदा खाल्ली होती.

सोमवारी पहिल्या बसनं ती नांदेडला पोचली आणि थेट सरांच्या खोलीत गेली. ड्रमची गोष्ट सांगितली. सरांनी चष्मा काढला.

“बाई, मी हे तीस वर्षं शिकवून राहिलोय. छापून आलेलं आहे. तुझ्या ड्रमसाठी प्रमेय बदलायचं का?”

“सर, तुम्ही एकदा बघा तर...”

“आज न्हाई बघायचं!” आवाज चढला, मग एकदम उतरला. “शिवगंगे, ऐक. गुरुवारी तुझी मुलाखत. पोरीची फी, सासूचं आजारपण, सगळं माहीत हाय मला. आज शाल घे. काही चुकलं असलंच, तर पुढं शुद्धिपत्र काढू. आधी पदवी, मग दुरुस्ती. जगात सगळे असंच करतात.”

“तुम्ही करता का, सर?”

सरांनी चष्मा परत घातला. “जा, साडी नीट कर. वेळ झाली.”

तर आता तिसरी घंटा झाली. विभागप्रमुख लता मॅडमनी प्रास्ताविक केलं आणि शिवगंगा फळ्यासमोर आली. पहिल्या रांगेत मधोमध उद्धव सर, त्यांच्या शेजारी बाहेरचे परीक्षक, कोल्हापूरचे श्रीनाथ सर. वयानं तिच्याहूनही लहान, बारीक आवाजाचा, सभ्य माणूस. मागे विद्यार्थी, आणि अगदी मागे दाराशी रेवणसिद्ध, नव्या शर्टात, दुकान बंद ठेवून आलेला.

ती बोलू लागली. पहिलं प्रकरण, दुसरं प्रकरण. आवाज थरथरत नव्हता. तासिकेवरच्या शिक्षकाला एवढं तरी जमतंच. तिसऱ्या प्रकरणाचं नाव पडद्यावर दिसल्याबरोबर तिनं धम्मदीपला खूण केली, पुढचं, अजून पुढचं. तो पाचव्यावर गेला. तिनं निष्कर्ष वाचले. संपलं. टाळ्या सुरू होणार, तेवढ्यात श्रीनाथ सर हसत म्हणाले, “एक सोपा प्रश्न.”

प्रश्न कसला, ते कौतुकच होतं.

“तुमचं तिसऱ्या प्रकरणातलं प्रमेय मला फार आवडलं. शेवटावरून मागची वाट. तुम्ही घाईत ते ओलांडून गेलात. जरा साध्या भाषेत सांगा ना, मागच्या पोरांना कळेल असं.”

म्हणजे फक्त एक वाक्य म्हणायचं होतं. वाक्य पाठ होतं. मागे कुणीतरी समोशाच्या खोक्याची दोरी सोडत होतं, त्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता.

“शेवट ठाऊक असेल,” शिवगंगा म्हणाली, “तर तिथवर येणारी वाट... असते.”

“असते? की एकच असते?” श्रीनाथ सर अजून हसतच होते. त्यांना वाटलं, ती शब्द गाळून गेली.

तिनं खडू उचलला.

नट संवाद विसरला की विंगेतून प्रॉम्प्टर शब्द पुरवतो. उद्धव सर पुढे झुकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “एकच. बोल. एकच!” सरांचा दबका आवाज तो, शेवटच्या रांगेपर्यंत गेला. पोरं हसली.

तिनं पुरवलेला शब्द घेतला नाही.

“सर, एक असते. एकच असते, असं आता मला म्हणता येणार न्हाई.”

हसणं विरलं. श्रीनाथ सरांनी पेन खाली ठेवलं. “प्रबंधात तर तुम्ही तसं सिद्ध केलंय.”

“हाव, सर. ते चुकलंय.” आणि तिनं फळ्यावर ड्रम काढला, तोटी काढली, गळती धार काढली, आणि पाण्याच्या उंचीचं साधं समीकरण शेजारी लिहिलं. “पाणी उरलेलं असेल तर मागची वाट एकच मिळते. ड्रम रिकामा सापडला, तर किती तरी वाटा मिळतात. कुठली खरी, ते रिकामा ड्रम सांगत न्हाई.”

“थांबा!”

उद्धव सर उठले होते. मान लाल झालेली. “ही घाबरलीये. मी दाखवतो.” त्यांनी तिच्या हातातला खडू जवळजवळ हिसकावून घेतला आणि आपला जुना पुरावा फळ्यावर मांडायला सुरुवात केली. काय तो हात! तीस वर्षांचा सराव. ओळीखाली ओळ, मोत्यासारखं अक्षर, तोंडानं पल्लेदार आवाजात स्पष्टीकरण. पोरं पुन्हा सैलावली. लता मॅडमनी सुस्कारा सोडला. “आता दोन्ही बाजूंना उंचीच्या वर्गमुळानं भागू,” सर म्हणाले, आणि रेघ ओढली.

रेघेखाली उंचीचं वर्गमूळ लिहून खडू थांबला.

रिकाम्या ड्रममधल्या पाण्याची उंची.

सरांनी त्या रेघेखाली बघितलं. ज्याची भीती घालून त्यांनी पिढ्या घडवल्या, ज्यासाठी पोरांना बाहेर उभं केलं, तो खाली बसलेला होता. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही दिसला. एकानं तोंडावर हात ठेवला.

शिवगंगा पुढे झाली. फडकं घेऊन ती ओळ पुसावी असं तिला वाटलं. सरांनी नुसता हात वर करून तिला अडवलं. मग ते सभागृहाकडे वळले आणि त्याच मोठ्या आवाजात म्हणाले, “शून्यानं भागलंय. मी भागलंय, हिनं न्हाई. मॅडम, तसं लिहून घ्या.”

आणि ते सरळ चालत दाराबाहेर गेले, सभागृहाबाहेर, वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरासारखे.

पुढचं बंद दाराआड झालं. श्रीनाथ सर भला माणूस. त्यांनी वाट शोधायचा प्रयत्न केला. पण चौथं आणि पाचवं प्रकरण तिसऱ्यावर उभं होतं, आणि सही करायची तर डोळे मिटून करावी लागली असती. लता मॅडमनी निकाल सांगितला: प्रबंध दुरुस्तीसाठी परत, दुरुस्त झाल्यावर मौखिकी पुन्हा. म्हणजे गुरुवार गेला. मॅडम हळूच म्हणाल्या, “गंगा, तू गप्प बसली असतीस तर आम्हाला कुणाला कळलं नसतं गं.” शिवगंगा म्हणाली, “म्हणूनच तर, मॅडम.”

धम्मदीपनं समोसे वाटले. ते काही परत करता येत नव्हते. पोरांनी खाली मान घालून खाल्ले. रेवणसिद्ध बायकोजवळ आला. “भूक लागली का?” एवढंच त्यानं विचारलं. तिनं मान हलवली. तो म्हणाला, “तुझ्या सरांनी पण काही खाल्लं न्हाई,” आणि कागदात बांधलेले दोन समोसे तिच्या हातात दिले.

सर विभागामागच्या कडुनिंबाखाली, कट्ट्यावर बसले होते. तिनं शेजारी बसून पुडी उघडली. सरांनी एक समोसा घेतला, मोडला, तसाच हातात ठेवला.

“तुझी नोकरी घालवली मी.”

“जाहिरात परत येईल, सर.”

“खोटं बोलू नको. तुला जमत न्हाई ते.” त्यांनी मोडलेला समोसा पुडीवर ठेवला. “चांगला गाइड बघून घे आता. लता मॅडमना सांगतो मी. माझे नोकरीचे मोजकेच दिवस राहिले. नंतर या खोलीची किल्लीपण माझ्याकडं न्हाई राहणार. आणि आज ज्याची चूक सगळ्या पोरांनी बघितली, त्याच्याकडं शिकायला कोण येणार?”

बसची वेळ झाली होती. रेवणसिद्ध लांब फाटकाशी उभा होता, हाक न मारता. शिवगंगानं पदराला हात पुसले, वाकून सरांच्या पायांना हात लावला आणि उठली.

“पुढच्या सोमवारी पहिल्या गाडीनं तुमच्या घरीच येते, सर. वर्गमुळाची भानगड काढून दुसरीकडून शिरून बघू. फक्त चहा काकूंना करू द्या, तुम्ही करू नका.”